थाळीचा अर्ज

दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करू नये, हे रखमा तिरोडकरला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच होतं. मालवणहून लग्न होऊन करी रोडच्या या चाळीत आली त्याला त्रेपन्न वर्षं झाली, पण तिच्या घरातून कुणाची साधी वाटीसुद्धा रिकामी गेली नव्हती. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालावी आणि भांडं द्यावं, एवढा सोपा तो रिवाज. पण रखमाला साखरेची चिमूट म्हणजे हलकेपणा वाटे. समोरच्या बिऱ्हाडातल्या प्रिया कोयंडेनं गौरीच्या दिवशी मोठ्या स्टीलच्या थाळीतून घावणे पाठवले, तेव्हाच हिनं मनाशी ठरवलं की थाळी परत करायची ती नारळाच्या वड्या भरूनच. नारळ गावाहून यायचे होते. ते आज येतो उद्या येतो करत राहिले, आणि थाळी तीन आठवडे रखमाच्या फळीवर उभी राहिली.

रखमाला एकाहत्तरावं लागलं होतं. जगन, तिचा नवरा, जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा अवधूत शाळेची बस चालवायचा, सून मेघना टॉवरमध्ये हाउसकीपिंगला होती. टॉवर म्हणजे तोच, जिथे पूर्वी गिरणी होती. रखमानं वाइंडिंग खात्यात अठरा वर्षं सूत गुंडाळलं त्याच जागेवर आता बेचाळीस मजले उभे होते, आणि त्यातले चौदा ते वीस मेघनाच्या झाडूखाली होते. लोकांना यात मोठी गंमत वाटायची. रखमाला वाटायची नाही. ती म्हणायची, जमीन तीच, झाडणारी घरातलीच, मालक तेवढे बदलले.

रखमा बोलायला तिखट आणि ऐकून घ्यायला कडू. तिच्याकडे एक गोष्ट होती आणि ती चाळीतल्या भिंतींनासुद्धा पाठ होती. अठ्ठ्याहत्तर साली गिरणीत बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती, आणि बाहेर मुकादम घड्याळ घेऊन उभा राहायचा. तक्रार कोण करणार? अर्जावर जिची सही पहिली, तिला दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. तेव्हा रखमानं युक्ती काढली. कागदावर जेवणाची थाळी पालथी घातली, कडेनं पेन्सिल फिरवली, आणि सगळ्या बायकांनी त्या गोलाभोवती सह्या केल्या. जिला लिहिता येत नव्हतं तिनं अंगठा उठवला. गोलात पहिली कोण आणि शेवटची कोण हे मालकाच्या बापालाही सांगता येईना. महिन्याभरात कडी बसली. गोष्ट इथे संपायची, आणि इथे रखमा नेहमी पदर सारखा करायची.

टॉवरमध्येही भांडण संडासाचंच होतं. सत्तेचाळीस वर्षांनी! तळमजल्यावर कामाच्या बायकांसाठी एक संडास नकाशात होता, बांधलेलाही होता, पण त्याला कुलूप लावून आत दिवाळीचे कंदील आणि ख्रिसमसचं झाड ठेवलं होतं. वरच्या मजल्यांवरचे वापरायचे नाहीत. जायचं तर गेटवर वहीत नाव लिहून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या सार्वजनिक संडासात. वहीत तिसऱ्यांदा नाव आलं की अर्धा दिवस खाडा. म्हणून अठरा बायका सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मेघनाला पावसाळ्यात दोनदा लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला, हुडहुडी भरून ताप आला, आणि डॉक्टरनं भरपूर पाणी पी म्हणून सांगितलं. ते ऐकून ती पहिल्यांदा हसली आणि मग रडली.

रखमाचं रक्त खवळलं. तिनं सांगितलं, रविवारी दुपारी सगळ्या जणींना घरी बोलव.

मेघना धरून सतरा जणी जमल्या. दहा बाय बाराच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसल्या, चहा झाला, आणि रखमानं गोष्ट सांगितली, कडीपर्यंत. प्रिया समोरच्याच घरातून आली नाही. ती बाविसाव्या मजल्यावर काम करायची. तिचा नवरा निमेश आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचा. तिनं मेघनाला गॅलरीत गाठून स्पष्ट सांगितलं होतं की माझ्या मनात सगळं आहे पण सही माझी नसणार, मला परवडत नाही. मेघनानं समजून घेतलं. रखमानं मात्र दार उघडं ठेवून, समोर ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं की काही माणसं तयार कडी लावायलाच जन्माला येतात. बोलून गेली. तिला तेव्हा चढलंच होतं तसं.

अर्ज मानसीनं लिहिला. मानसी सगळ्यात लहान, बारावी झालेली, अक्षर चांगलं. मोठा कार्डशीट घेतला, मधे गोल, गोलात मजकूर, भोवती सह्या असं ठरलं. थाळी हवी होती. रखमानं न बघता फळीवर हात घातला आणि हाताला जी मोठी लागली ती काढली.

गोल आखताना रखमाला फोटो काढायची हौस आली. इथेही ती बेसावध नव्हती, उलट नको इतकी सावध होती. तोंडं दिसू द्यायची नाहीत, नावं लिहायच्या आधीच काढायचा, म्हणजे नुसता कोरा कागद, त्यावर थाळी, ती दाबून धरलेला तिचा एक हात आणि भोवती बाकीचे हात. तिनं दोनदा मोठा करून तपासला. मग तो फोटो तिनं जुन्या गिरणीवाल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली फोनमध्ये बोलून लिहिलं: आमचा थाळीचा अर्ज अजून जिवंत आहे. ग्रुपमध्ये साठ बायका. साठ बायकांना भाचे, जावई, पुतणे. त्यातला एखादा कुठे नोकरीला असेल याचा विचार कोण करतो? अंगठे आले, हात जोडलेले आले, कुणी मशाल पाठवली. रखमा दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

सोमवारी अर्ज ऑफिसात गेला. बुधवारी कंत्राटदाराचा मॅनेजर, हितेंद्र सर, यानं प्रियाला बोलावलं आणि टेबलावर फोटो ठेवला.

भांड्यावर नाव कोरायची आपल्याकडे जुनी खोड. लग्नात आलेलं भांडं दुकानदार मशीन लावून टिंबाटिंबांनी नाव काढून देतो, म्हणजे कार्यात कुणाच्या पंगतीला गेलं तरी घरी परत यावं. ते नाव रोज डोळ्यांसमोर असतं आणि म्हणूनच कुणाला दिसत नाही. त्या थाळीच्या बाहेरच्या काठाला लिहिलं होतं: सौ. प्रिया निमेश कोयंडे, १२-५-११. थाळी पालथी होती. काठाची बाहेरची बाजू वर होती. फोटो स्वच्छ आला होता.

मेघना संध्याकाळी घरी आली ती चपला न काढताच फळीकडे गेली. थाळी काढली, उजेडात धरली आणि सासूच्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "आई, प्रियाला काढलं."

रखमानं नाव वाचलं. तिला वाचायला वेळ लागायचा, पण या वेळी लागला नाही. सह्यांमध्ये प्रियाचं नाव नाही हे त्यांना दिसत नाही का, असं तिनं विचारलं. मेघना म्हणाली की त्यांच्या मते तेच तर पक्कं लक्षण. जी सगळ्यांना चिथवते ती स्वतः सही करत नाही, असं हितेंद्र सर सगळ्यांसमोर म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण चोर तरी कोण होतं इथे? तळमजल्यावर कुलूप होतं आणि अठरा बायकांच्या पोटात दुखत होतं.

रखमा त्या दिवशी समोर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गॅलरी चार फुटांची, दोन उंबऱ्यांमधलं अंतर पाच पावलांचं, आणि ती पाच पावलं त्या तोंडाळ बाईला टाकता येईनात. तिसऱ्या दिवशी दुपारी निमेश डायलिसिसहून येऊन झोपला असताना ती गेली. थाळी नेली नाही. ती तिनं फळीवर डब्यांच्या मागे सारली होती.

प्रिया तांदूळ निवडत होती. काकी बसा म्हणाली, पाटही दिला. रखमानं उभ्यानंच सांगून टाकलं की फोटो माझाच, ग्रुपवर मीच टाकला, थाळी परत करायला मीच उशीर केला.

"माहीत आहे काकी," प्रिया म्हणाली. "फोटोत तुमच्या मनगटावरचं गोंदण दिसतंय. हितेंद्र सरांना ते कुठलं कळायला? पण मी पटकन ओळखलं."

मग तिनं तांदळातून मान वर न करता बाकीचं सांगितलं. सरांनी तिला दहा मिनिटं दिली होती. थाळी तुझी असेल, पण त्या दिवशी कुणाच्या घरी होती तेवढं सांग आणि कामावर जा, असं ते म्हणाले होते. चांगलं बोलत होते, पाणीही मागवलं. प्रियानं सांगितलं की चाळीतल्या थाळ्या फिरत असतात, आठवत नाही. दहा मिनिटं संपली तेव्हा तिच्याकडून ओळखपत्र काढून घेतलं.

"तू का नाही सांगितलंस गो?" रखमानं विचारलं. "सही तर तुझी नव्हतीच."

"सही केली नाही म्हणून नावं सांगत फिरू होय?"

रखमाला आपलं रविवारचं बोलणं आठवलं, आणि ते समोर ऐकू जावं म्हणून दार उघडं ठेवलेलं आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की पाट तसाच ठेवून ती निघाली. जाताना ती म्हणाली की मी उद्या तुझ्या त्या साहेबाकडे जाते आणि सगळं सांगते. प्रियानं तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवला, तोही निमेश जागा होणार नाही इतपतच. तुम्ही गेलात की मेघना जाणार, ती म्हणाली, मग एकीच्या ऐवजी दोन चुली विझतील, माझी काही पेटणार नाही. तुम्ही गप्प बसा काकी.

आणि नेमकं त्याच शनिवारी तळमजल्यावरचं कुलूप निघालं. कंदील आणि ते झाड बेसमेंटमध्ये गेलं, दाराला नवी कडी लागली. त्यावर पाटी आली: महिला कर्मचारी. बायका दुपारी पोटभर पाणी प्यायल्या. मानसीनं मेघनाला मिठी मारली आणि म्हणाली, जिंकलो ना आपण! मेघना रांगेत उभी राहिली, तिचा नंबर आला, आणि ती आत न जाताच वर निघून गेली.

घरी येऊन तिनं रखमाला हे सांगितलं. रखमा कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, वाइंडिंगमध्ये तुटलेला धागा गुंडाळायची तसं. मग म्हणाली की माझ्या गोष्टीत कडी बसली तिथे मी थांबते, पण गोष्ट तिथे संपत नाही.

शांता नावाची बाई होती. वाइंडिंगमध्येच, रखमाच्या शेजारच्या मशीनवर. कडीच्या अर्जानंतर मुकादमाला कुणीतरी एक हवीच होती, रिकाम्या हातानं तो साहेबापुढे जाणार कसा? शांताचं त्याच्याशी आधी वाजलं होतं, म्हणून त्यानं तिचं नाव दिलं. शांताची सही त्या गोलात बाकीच्यांसारखीच एक. पण थाळी रखमाची, युक्ती रखमाची, बायकांना जमवलं रखमानं. बायकांमध्ये शपथ झालेली होती, काही झालं तरी नाव फुटू द्यायचं नाही. ती शपथ सगळ्यांनी पाळली. शांता गेटबाहेर दोन दिवस उभी राहिली. तिला वाटत होतं कुणी बोलेल. तिसऱ्या दिवशी ती आचऱ्याला गावी गेली, पदरात दोन मुली होत्या. त्याच आठवड्यात कडी बसली.

"पुढे काय झालं तिचं?" मेघनानं विचारलं.

"मी विचारलंच नाही कुणाला," रखमा म्हणाली. "आचऱ्याची माणसं यायची चाळीत. मी दुसरंच काही बोलायचे."

मेघना उठली. तिनं मानसीकडून उरलेला कार्डशीट मागून आणलाच होता. जमिनीवर पसरला, पट्टी घेतली आणि त्यावर सरळ ओळी आखल्या. गोल नाही. वर तिनं लिहिलं की प्रिया कोयंडे यांचा अर्जाशी संबंध नाही, थाळी आमच्या घरी होती, अर्जासाठी सगळ्यांना मी बोलावलं, प्रियाला परत कामावर घ्या. पहिल्या ओळीवर ती आपलं नाव लिहायला वाकली, आणि रखमानं तिचा हात धरला.

रखमाला स्वतःलाच नवल वाटलं. जन्मभर जी बाई मोर्च्याच्या पुढे चालली, जिनं लोकांच्या सुनांना पुढे व्हा म्हणून सांगितलं, ती आपल्या सुनेचा हात घट्ट धरून बसली होती. तिला दिसत होतं ते अवधूतची बस, शाळा बंद असली की न मिळणारा पगार, नातीची दहावी.

"नको गो," ती म्हणाली. "प्रियानंच सांगितलंय नको म्हणून."

"आई, तेव्हा तुम्हाला पण कुणी हात धरून थांबवलं होतं का?"

"नाही." रखमाला खोटं बोलता आलं असतं. सासू केव्हाच मेली होती, तिच्यावर ढकलता आलं असतं. "माका कोण थांबवणार? मी आपणहून गप्प बसले."

तिनं हात सोडला. मेघनानं नाव लिहिलं.

कागद रविवारी सगळ्यांच्या घरी फिरला. लालबागपासून अँटॉप हिलपर्यंत मेघना एकटी गेली. बाकीच्या सोळा जणींपैकी चौघींनी खाली सह्या केल्या. उरलेल्यांनी चहा दिला. मानसी दारात उभी राहून रडली, पण पेन घेतलं नाही, आणि मेघनानं तिला बोल लावला नाही. गोलात सह्या करणं सोपं असतं, सरळ ओळीत आपल्या वर कोण आणि खाली कोण ते दिसतं.

सोमवारी कागद ऑफिसात गेला, मंगळवारी मेघनाचं कार्ड गेटवर चाललं नाही. चौघींची साइट बदलली, कल्याणच्या पुढे कुठेतरी. तिथे पोचायलाच दोन तास, म्हणजे काढल्यातच जमा. दोघींनी आठवड्याभरात सोडलं. प्रियाला फोन आला. तिला परत घेतलं, पण बाविसाव्या मजल्यावर नाही. तिला चौदा ते वीस दिले.

प्रिया त्या दिवशी मेघनाकडे आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली की मी जात नाही. मेघना म्हणाली, जा, निमेशभावजींचा डायलिसिस काय थांबणार आहे? दोघी एवढंच बोलल्या. त्यानंतर त्या एकमेकींना टाळू लागल्या. भांडण नव्हतं, नुसतं एकीला दुसरीचं तोंड बघवत नव्हतं. मेघनाला लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं काढायचं काम लागलं, किलोवर. हातांची आग होते म्हणून ती घरी आली की तासभर पाण्यात हात बुडवून बसायची. अवधूतनं आईला एक शब्द जरी टोचून सांगितला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं, थाळीच्या अर्जाचं काय झालं? रखमानं फोन पालथा ठेवला.

दिवाळीच्या आधी गावाहून नारळ आले, चांगले गोणीभर. मेघनानं विचारलं, वड्या करायच्या ना तुम्हाला? रखमानं डब्यांच्या मागून थाळी काढली, चिंच लावून घासली, पुसली. नारळाकडे ती गेली नाही. साखरेचा डबा उघडला, चिमूटभर साखर थाळीच्या मधोमध घातली आणि पाच पावलं चालून समोर गेली.

प्रिया नुकतीच कामावरून आली होती, अंगावर टॉवरचा निळा ड्रेस तसाच होता. तिनं दोन्ही हातांनी थाळी घेतली. काठावरचं नाव तिच्या अंगठ्याखाली होतं. ती साखरेकडे बघत राहिली.

"एवढंच घालायचं होतं तर तेव्हाच द्यायची होतीत काकी," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत असावी. रखमानं होय म्हणून मान हलवली. आत निमेशनं पाणी मागितलं, तेव्हा प्रिया थाळी घेऊन आत गेली आणि रखमा आपल्या दाराकडे वळली.